डावं पाऊल टेकण्याआधी

माणूस चालतो म्हणजे दर पावलाला पुढे पडतो आणि पडता पडता स्वतःला सावरतो. हे वाक्य मी डिचोलीच्या शाळेत विज्ञान शिकवताना इतक्या वेळा बोललो आहे की मुलं माझ्यामागे त्याच वाक्याने माझी नक्कल करायची. करू देत. मी ते पुस्तकातून उचललेलं नव्हतं. माझी डावी मांडी मोडली तेव्हा ते मला कळलं, आणि त्याच काळात घरातल्या दोन माणसांनी, ज्यांच्या खांद्यांवर हात टाकून मी पुन्हा उभं राहायला शिकलो त्यांनीच, माझा केसाने गळा कापला. आता मी निवृत्त झालो, गुडघे कुरकुरायला लागले, तरी राग गेलेला नाही. जायला हवा असं मला फारसं वाटतही नाही.

आधी घोड्याचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. आमच्या गावच्या शिगम्यात, म्हणजे होळीनंतरच्या शिमग्यात, घोडेमोडणी असते. लाकडी मुंडकं, वेताचा सांगाडा, त्यावर रंगीत कापड आणि फुलांच्या माळा, असा घोडा माणसाच्या कमरेला बांधतात. वर बघावं तर स्वार, खाली बघावं तर दोन पायांचा घोडा. डोक्याला फेटा, उजव्या हातात तलवार, डाव्या हातात लगाम, पायांत घुंगरं. ढोल-ताशे सुरू झाले की हे घोडे रांगेने देवळापासून गावच्या वेशीपर्यंत नाचत जातात आणि नाचतच परत येतात. जुन्या काळी आपल्या माणसांनी पोर्तुगीजांना हुसकावलं त्याची ही आठवण, असं गावात सांगतात.

प्रत्येक घोडा म्हणजे एकेका घराचा मान. बापामागे तो थोरल्या मुलाकडे जातो. आमच्या घरात तर असा कटाक्ष होता की नाचाचं पाऊल थोरल्यालाच शिकवायचं, धाकट्याला नाही. दोघांना येत असलं की भांडणं होतात, असं वडील म्हणायचे. भांडण व्हायला तेवढंही लागत नाही, हे कळायच्या आधीच ते गेले.

मला त्यांनी ते पाऊल कापणी झालेल्या शेतात शिकवलं, कमरेला घोड्याऐवजी मोठी टोपली बांधून. दोन पावलं पुढे, तिसऱ्याला गुडघा उचलून अंग मागे रेलायचं, मग एक पाऊल मागे, की पुन्हा पुढे. एवढं कुणालाही जमेल. अवघड होतं ते वेगळंच. घोड्याचं मुंडकं हलू द्यायचं नाही. खाली पाय कितीही उडोत, मुंडकं पाण्यावरून होडी जावी तसं सरळ गेलं पाहिजे. मुंडकं डुललं की घोडा लंगडा, एवढं बोलून ते माझ्या पोटरीवर फोक मारायचे. पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकताना मी हेच वाचलं. जनावराचा पुढचा पाय दुखत असला तर तो टेकताना ते मान वर उचलतं आणि चांगला पाय टेकताना मान खाली टाकतं. दुखऱ्या पायावरचा भार तेवढाच कमी होतो. पाय बघून लंगडेपणा कळत नसेल तर मान बघावी.

वडील पौषात गेले. वर्ष सरलेलं नव्हतं, म्हणून त्या शिगम्याला आमचा घोडा देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, टांगलेलाच राहिला. गावच्या रीतीप्रमाणे एक वर्ष घोडा रिकामा राहिलेला चालतो. सलग दुसऱ्या वर्षी राहिला तर मान दुसऱ्या घराला जातो, आणि त्यासाठी टपून बसलेलं एक घर गावात होतंच. त्या घरात चार मुलगे होते आणि चारही नाचरे. म्हणजे पुढच्या शिगम्याला आमचा घोडा माझ्या कमरेला बांधला जाणार हे ठरलेलं होतं. मी लहानपणापासून दुसऱ्या कशाची इतकी वाट पाहिली नव्हती. नोकरी लागायची सुद्धा नाही.

ते दिवस गोव्यात गरमागरमीचे होते. राजभाषा कोकणी की मराठी यावर घराघरांत वाद, रस्त्यावर मोर्चे, आज इथे बंद तर उद्या तिथे. आम्ही घरात बोलायचो एका भाषेत, देवापुढे आरती म्हणायचो दुसरीत आणि सही ठोकायचो तिसरीतच. त्यामुळे आमच्या स्टाफरूममध्ये कोण कुठल्या बाजूचा हे चहाच्या कपागणिक बदलायचं. एकदा मी शाळेच्या गॅलरीतून मोर्चा जाताना पाहिला. कुठल्या बाजूचा ते सोडा. घोषणा सुरू झाल्या आणि थोड्याच वेळात सगळ्यांची पावलं आपोआप एका तालात पडायला लागली. तसं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. माणसं एकत्र चालली की असं होतं. मी वर्गात जाऊन मुलांना ते कौतुकाने सांगितलं, तर मुख्याध्यापकांनी मला बोलावून वर्गात राजकारण आणू नका म्हणून समज दिली. मग घटक राज्य झालं, फटाके वाजले, आणि त्याच पावसाळ्यात माझा पाय मोडला.

मयेकडून येत होतो, पायलटच्या मागे बसून. भाड्याने माणसं नेणाऱ्या मोटारसायकलवाल्याला आमच्याकडे पायलट म्हणतात, विमानाशी त्याचा संबंध फक्त वेगापुरता. खाणीचे ट्रक जी लाल माती सांडत जातात ती पावसात लोण्यासारखी होते. वळणावर समोरून रिकामा ट्रक आला, पायलटने ब्रेक दाबला आणि आम्ही दोघेही गाडीसकट कडेच्या गटारात गेलो. त्याला खरचटलं. माझी मांडी मोडली. हॉस्पिटलात हाडात सळी घातली आणि गणेश चवथीच्या तोंडावर मी कुबड्या घेऊन घरी आलो.

घरी आम्ही तिघंच. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. भाऊ खाणीवर ट्रक चालवायचा. माझ्यापेक्षा उंच, खांदे भरलेले, ओठांवर सदा कसलं तरी गाणं. आई रोज संध्याकाळी कोमट तेलाने माझी मांडी चोळायची. भाऊ पाळीवर जायच्या आधी मला उचलून मागीलदारी न्यायचा, आंघोळीचं पाणी काढून द्यायचा, आणि बाजारातून येताना माझ्यासाठी मासिकं आणायचा. हे सगळं खरं होतं. पुढे मी जे सांगणार आहे त्याने ते खोटं ठरत नाही, आणि माझी सगळी पंचाईत तिथेच आहे.

अधूनमधून मला हॉस्पिटलात चालायला शिकवणाऱ्या बाईंकडे जावं लागे. कुबड्या सुटून काठी आली त्या दिवशी त्यांनी पहिलं काय केलं असेल तर माझ्या डाव्या हातातली काठी काढून उजव्या हातात दिली. डावा पाय मोडलेला म्हणून आईने ती मला डावीकडे धरायला दिली होती. सगळे असंच करतात. बाईंनी मला समजावलं की चालताना डावा पाय एकटा जमिनीवर असतो तेव्हा कंबर उजवीकडे लवंडायला बघते, आणि डाव्या कुल्ल्याचे स्नायू तिला ओढून धरतात. ते दुबळे झाले की माणूस सगळं अंगच डावीकडे फेकतो. काठी उजव्या हातात असली की ती त्या बाजूला खालून टेकू देते, आणि दुबळ्या स्नायूंची ओढाताण कमी होते. मी घरी येईपर्यंत एसटीत बसल्या बसल्या सगळ्या प्रवाशांच्या कमरा बघत होतो. एका बाईने पदर सावरून माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

डावीकडे झुकणं जाईल, असं त्या म्हणाल्या होत्या. दुसऱ्या एका गोष्टीची खात्री त्यांना देता येत नव्हती. डावं पाऊल टेकण्याआधी मी पाय हवेतच क्षणभर थांबवत होतो, पाणी कढत आहे का ते बघायला बोट पुढे करावं तसा. त्याला हाडाचं कारण नव्हतं, स्नायूचंही नव्हतं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर बोट ठेवलं.

“पाय बरो जाला तुमचो. हें भंय. तें फकत तुमचें.”

भीती, आणि ती फक्त माझी. मला ते ऐकून लाज वाटली होती. गटारात पडलो त्या क्षणापासून डावा पाय टेकवायची मला धास्ती बसली होती हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि पायाने ते परस्पर सांगून टाकलं होतं.

शाळेला रजा टाकलेली. दिवसभर ओसरीतल्या सोप्यावर, दगडी कट्ट्यावर, बसून दुसरं काय करणार? वाटेने जाणारं प्रत्येक जनावर मी बघायला लागलो. गाय आधी मागचा डावा पाय टाकते, मागोमाग पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. सावकाश चालताना तिचे दोन-तीन खूर कायम जमिनीवर असतात, म्हणून ती चालता चालता रवंथ करू शकते आणि आपण चालता चालता पेज पिऊ शकत नाही. कुत्रं दुडक्या चालीत कोपऱ्या-कोपऱ्याचे पाय जोडीने टाकतं. आमच्या नाचातला घोडा मात्र जगातल्या कुठल्याच घोड्यासारखा चालत नाही, कारण त्याला पायच दोन. तिसऱ्या ठोक्याला आपण मागे रेलतो तेव्हा उरलेले दोन पाय मनाने टाकायचे असतात. हे मी वडिलांकडे बघून कधी ओळखलं नव्हतं, मोडका पाय घेऊन बसल्यावर ओळखलं. शेजारीपाजारी म्हणायचे, मास्तर गायींची परेड घेतो. आईसुद्धा हसायची.

दिवाळी झाली आणि मी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पाऊल घोटायला सुरुवात केली. सकाळी पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजायचा, आई उंडे घ्यायला वाटेवर जायची, भाऊ गोठ्यात म्हशीची धार काढत असायचा. मी उजव्या हातातली काठी तलवारीसारखी धरून नाचायला उभा. सुरुवातीला ते बघवत नसेल. अंग डावीकडे लवंडायचं, आणि डाव्या पावलाआधी ती माझी भित्री थबक. चाल तपासायला मी खळ्यात खाणीची लाल माती पसरायचो, तिच्यावरून अनवाणी जायचो आणि मग डाव्या-उजव्या पावलांतलं अंतर सुतळीने ताडून बघायचो. डाव्या टाचेच्या ठशामागे नेहमी एक छोटा फराटा उठायचा. पाय घाबरून टेकला की तो घसटतो, त्याची ती खूण. मी रोज ती खूण बघायचो आणि स्वतःला शिव्या घालायचो.

मार्गशीर्षात एका रविवारी भावाने मित्राची जीप आणली आणि मला मोरजीला नेलं. कोलवाळचा पूल ओलांडून, पेडण्याच्या अंगाने. तिथे किनाऱ्यावर कासवी अंडी घालायला येतात आणि सकाळी त्यांची वाट वाळूत उमटलेली दिसते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. दादाला बघायला आवडेल, म्हणून तो एवढ्या लांब घेऊन आला. वाट खरंच दिसली. डाव्या-उजव्या वल्ह्यांचे ठसे समोरासमोर नव्हते, आळीपाळीने होते. पुढचं डावं आणि मागचं उजवं एकदम. मी म्हटलं, अरे, ही तर दुडक्या चालीने गेली. तर हा गडी वाळूत चारही हातापायांवर उतरला आणि कासवी होऊन समुद्राकडे निघाला. मी इतका हसलो की काठीवर तोल राहीना. मग त्याने काठी काढून घेतली. वाळूत पडलं तर लागत नाही, म्हणाला, आणि हाताला धरून मला चालवलं, आणि मग हळूच हात सोडला. काठीशिवाय मी पहिली पावलं टाकली ती मोरजीच्या वाळूत, माझ्या भावाच्या समोर. त्याचे डोळे भरून आले होते. ते मी आजही नाकारत नाही.

संक्रांतीच्या सुमारास सुतळी दोन्हीकडे सारखी पडायला लागली. झुकणं गेलं होतं. एका सकाळी माती बघितली तर डाव्या टाचेमागचा फराटाही नव्हता. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. भीती गेली केव्हा ते मला कळलं नाही, मातीनेच ते सांगितलं. मी आईला हाक मारून खळ्यात आणलं आणि सबंध पाऊल नाचून दाखवलं, डोक्यावर पाण्याचा तांब्या ठेवून. थेंब सांडला नाही. आई “बरां झाला” म्हणाली आणि लगबगीने आत गेली. वडिलांच्या आठवणीने तिला भरून आलं असेल, असं मला वाटलं. माघात काठी माळ्यावर गेली. वाटेने जाणारे लोक कुंपणापाशी थांबून माझा नाच बघायचे, काही न बोलता मान डोलवायचे आणि पुढे जायचे. मी आणखी जोरात नाचायचो.

शिगमा आला. घोडेमोडणीच्या दिवशी मी उजाडता आंघोळ केली, उपास धरला, पांढरं धोतर नेसून सोप्यावर बसलो. दुपार कलली तसे देवळातले मानकरी घोडा घेऊन आमच्या खळ्यात आले. मी उठून पुढे झालो. त्यांच्यातले सर्वांत वयस्क होते ते माझ्याकडे न बघता म्हणाले की घोडा धाकट्याला बांधायचा आहे. मला वाटलं, म्हातारा गोंधळला. मी हसलोसुद्धा. तेवढ्यात आतल्या खोलीतून भाऊ बाहेर आला. पांढरं धोतर, पायांत घुंगरं, मान खाली.

मग मला सांगण्यात आलं. माघातच देवाला प्रसाद लावला होता. आमच्याकडे असा काही पेच असला की मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझ्यासाठी विचारलं तेव्हा डावी पडली, भावासाठी विचारलं तेव्हा उजवी. गाऱ्हाणं घालायला आमच्या घरातून आई आणि भाऊ गेले होते. त्या दिवशी ते मला म्हणाले होते, बाजारात जातो.

सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुंपणापाशी थांबून माझा नाच बघणाऱ्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं की हा नाचणार नाही. कुणी मान डोलवली ती कौतुकाने नव्हे, कीव येऊन. सर्कशीतल्या घोड्यालासुद्धा आपला खेळ आहे की नाही हे माहीत असतं. वडिलांचा फेटा आईने भावाच्या डोक्याला बांधला, माझ्या देखत, आणि शेवटचा पदर घट्ट खोचला. सगळ्यांनी मिळून माझ्या तोंडाला पानं पुसली होती. पण प्रसाद झाला म्हणजे बोलणं संपलं. मी विज्ञान शिकवत असलो तरी जन्म त्याच गावातला आहे.

घरात बसून ढोल ऐकणं मला शक्य नव्हतं. मी वेशीवरच्या वडाखाली जाऊन उभा राहिलो. खरं सांगायचं तर मनात एक दुष्ट कुतूहलही होतं. भावाला पाऊल कुणी शिकवलेलं नव्हतं. वडिलांना त्याने नाचताना पाहिलं ते गर्दीतून, चार लोकांच्या डोक्यांवरून. आता हा काय करणार, फजिती होणार आणि मला ती बघायची होती. ढोल जवळ आले, धुरळा उठला, रांग दिसली. आमचा घोडा तिसरा होता.

भाऊ छान नाचत होता. दोन पुढे, तिसऱ्याला रेलणं, एक मागे. एकही ठोका चुकला नाही. पण मुंडकं डुलत होतं. दर डाव्या पावलाला सगळा घोडा डावीकडे झुकायचा, आणि त्याच्याही आधी, पाय खाली यायच्या आधी, तो हवेत क्षणभर थबकायचा. मागोमाग लाकडी मान वर उठायची आणि मग खाली यायची. माझ्या शेजारी कुणीतरी म्हणालं, “घोडो जितो दिसता मरे.” दुसऱ्याने दुजोरा दिला, बापाच्या वेळी इतका जिवंत कधी वाटला नव्हता.

भावाचे दोन्ही पाय ठणठणीत. त्याची मांडी कधी मोडली नव्हती, तो कधी गटारात पडला नव्हता, त्याच्या डाव्या पायाला भ्यायचं काही कारण नव्हतं. ती थबक माझी होती. आणि माझ्याकडेही ती संक्रांतीनंतर उरलेली नव्हती. भावाने प्रसाद झाल्यावर, माघात, माझ्याकडे बघून पाऊल उचललं असतं तर ते सरळ आलं असतं, कारण माघात मी सरळ नाचत होतो. हे पाऊल त्याने दिवाळीनंतरच्या दिवसांत उचललेलं होतं, मी काठी धरून लवंडत होतो तेव्हाचं. म्हणजे देवाला विचारलं माघात, पण घरात ठरलं होतं दिवाळीला. पाकळ्या पडायच्या कितीतरी आधी. मोरजीच्या वाळूत त्याने माझा हात धरला तेव्हा त्याच्या पायांत माझा नाच आधीच शिरलेला होता.

फक्त देवाने नाही म्हटलं असतं तर मी ते गिळलं असतं. गिळायला सुरुवातही केली होती.

घोडे परत फिरले, आरती झाली, आणि भाऊ देवळाच्या तळीवर पाय धूत असताना मी त्याला गाठलं. कधीपासून, एवढंच विचारलं. त्याने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, ही एक गोष्ट त्याच्या बाजूने लिहून ठेवतो.

“दिवाळीपासून. गोठ्याच्या जनेलातसून बघी होतंय. आयेन सांगलेला, दादा.”

गोठ्याच्या खिडकीतून, आईच्या सांगण्यावरून. म्हशीची धार काढायला एवढा वेळ का लागतो हे मी कधी विचारलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, तू लंगडा नाचतोस. त्याला वाटत होतं, पाऊल असंच असतं. मी ते सरळ करून दाखवू शकलो असतो. पुढच्या वर्षीही शकलो असतो, त्याच्या पुढच्याही. दाखवलं नाही. आता त्याचा मुलगा नाचतो, आणि तोही डावं पाऊल टेकण्याआधी तसाच थबकतो. लोक त्याला आमच्या घराची चाल म्हणतात आणि मोबाइलवर तिचं चित्रण करतात.

त्या दिवशी मात्र मी तळीवरून तडक घरी आलो. आई सोप्यावर बसली होती. आम्हा दोघा भावांचा उपास होता, तिने माझंही ताट वाढून ठेवलं होतं. मी उभ्या उभ्या विचारलं. तिने काही लपवलं नाही. दिवाळीला माझा पाय कसा होता ते तिने मला सांगितलं, जसं काही मला ते ठाऊक नव्हतं. चार मुलग्यांचं ते घर वाट बघत होतं. घोडा दुसऱ्या वर्षीही रिकामा राहिला असता तर गेलाच असता. कुणीतरी तयार असायला हवं होतं. आणि पाय पुन्हा मोडला असता तर, हेही ती म्हणाली.

मी म्हटलं, हे सगळं मला समजतं. तेव्हाच सांगितलं असतंस तर मी स्वतः त्याला शिकवलं असतं, मुंडकं स्थिर ठेवून, वडिलांसारखं. मग मला का नाही सांगितलं? रोज तेल लावताना का नाही? संक्रांतीला मी तुला नाचून दाखवलं तेव्हा तरी का नाही?

तिने ताट माझ्याकडे सरकवलं.

“तुका सांगला असता तर तू उठलोच नसतस, पुता. घोड्यासाठी चललस तू. माझ्यासाठी चललो नसतस.”

मला काहीतरी बोलायचं होतं, तिला लागेल असं. ताट तसंच टाकून मी पायऱ्या उतरलो, खळं ओलांडलं आणि तरातरा वाटेला लागलो. ती सोप्यावरून माझे पाय बघत होती, हे मागे वळून न बघता मला कळत होतं. एकदा तरी अडखळावं, डावीकडे झोक जावा, तिचं म्हणणं खोटं पडावं, असं मी मनापासून मागत होतो. वाटेच्या वळणापर्यंत माझं एकही पाऊल वाकडं पडलं नाही, आणि त्या दिवशी जे जे झालं त्यात मला सगळ्यात जास्त राग आला तो त्याचाच.